मदत हवी आहे: डेस्कटॉपला जादा रॅम लावली की स्क्रीन काळी

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप २०१४ साली जोडून घेतलेला. आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, विंडोज १०. रॅमचे स्लॉट दोनच, त्यातल्या एकात ४ जीबीची डीडीआर३ जातीची रॅम. पत्रिका, फ्लेक्स, शाळांचे वार्षिक अंक अशी डीटीपीची कामं करतो. लग्नसराईत कोरलड्रॉ आणि फोटोशॉप एकदम उघडले की मेमरी ९५ टक्के, आणि माऊसचा बाण हलेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. एसएसडी (वेगवान डिस्क) मागेच घातली आहे.

म्हणून एका दुकानातून ८ जीबीची वापरलेली रॅमची स्टिक आणली. "डीडीआर३ आहे ना? मग बसणारच!" बसलीही, दोन्हीकडच्या खिट्ट्या टक्कन लागल्या. बटण दाबलं तर पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेलाय. पण जुनी ४ जीबी एकटी लावली की मशीन मस्त चालतं, मग बोर्ड गेला कसा? खोडरबरने पिना घासल्या, स्लॉट बदलला, बायोसची बॅटरीही काढून पाहिली.

माझ्या ४ जीबीवरच्या स्टिकरवर आहे १आरएक्स८ पीसी३-१२८००यू. आणलेल्या ८ जीबीवर २आरएक्स४ पीसी३-१२८००आर. यातलं मला १२८०० सारखं आहे एवढंच कळलं.

मेहुणा शनिवारी मुंबईला जातोय, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणेल. त्याला काय लिहून देऊ? आणि ८ नि ४ एकत्र चालतात का?

प्रतिसाद १

बोर्ड ठणठणीत आहे हो. शेवटचं अक्षर बघा. आर म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची रॅम. पिना त्याच २४०, खाचही त्याच जागी, त्यामुळे ती बसते. पण तुमच्या प्रोसेसरला ती चालत नाही. स्टिकच्या मधोमध बाकीच्यांपेक्षा वेगळी एक चिप दिसेल, तोच रजिस्टर. जुन्या सर्व्हरमधून निघालेला हा माल स्वस्तात फिरत असतो. तुम्हाला यू हवी, म्हणजे अनबफर्ड. एस असेल तर ती लॅपटॉपची, आखूड, बसणारच नाही.

१२८०० म्हणजे १६०० चा वेग गुणिले ८ बाइट. तुमचा प्रोसेसर १६०० च्या वर जात नाही, १८६६ साठी जादा पैसे मोजू नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. ८+४ चालतं. चाराला चार जोडून ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम वापरून जादा वेग) मिळतो, वरचे ४ एकेरी चालतात. डीटीपीला फरक जाणवायचा नाही. एच८१ वर कमाल १६ जीबी, तेव्हा उद्या ४ काढून दुसरी ८ घालता येईल. पीसी३ नंतर एल असेल तर ती १.३५ व्होल्टची, तुमच्या बोर्डावर तीही चालते.

आणखी एक. डीडीआर३ मध्ये 'फक्त एएमडीसाठी' असा स्वस्त माल येतो. तो इंटेलच्या प्रोसेसरवर, म्हणजे तुमच्या आय५ वर, चालत नाही, घेऊ नका. आणि विंडोज ६४ बिट आहे ना? जुन्या फॉन्टांपायी डीटीपीवाले बरेचदा ३२ बिटवरच अडकलेले असतात, मग १२ जीबी लावून पदरात ४ सुद्धा पुरे पडत नाहीत.

प्रतिसाद ३

माझं मत वेगळं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, चौथ्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत नाही. नवीन मशीनच घ्या.

धागाकर्ता

घेईन हो, पण आत्ता ११ पत्रिका अडकल्यात आणि वधूपिते दारात.

भिंग घेऊन पाहिलं. दोन्ही बाजूंना मिळून ३६ काळ्या चिपा, आणि मधोमध ती वेगळी, चकचकीत. विंडोज ६४ बिटच आहे. मेहुण्याला चिठ्ठी दिली: "८ जीबी, डीडीआर३ किंवा डीडीआर३एल, १६००, डेस्कटॉपची, शेवटी यू. आर नको. एएमडीवाली नको. इंटेलच्या मशीनवर लावून दाखवा म्हणावं." आल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) लावून ठेवतो.

दुकानदाराला ते आर दाखवलं. पैसे परत नाही म्हणतो, बदल्यात कीबोर्ड देतोय. घेऊ का?