मदत हवी आहे: नॉर्थ सीमधल्या विंड फार्ममध्ये कालवं वाढवायचीत, पैसे आधी कशावर घालावे?

नमस्कार मंडळी, मी नेदरलँड्समध्ये ऑफशोअर विंडच्या कामात आहे, शिक्षण सिव्हिलचं. समुद्रातल्या पवनचक्कीच्या टॉवरच्या बुडाची वाळू वाहून जाऊ नये म्हणून भोवती दगड टाकतात, ते डिझाइन मी बघतो. आता पुढच्या प्रोजेक्टमध्ये त्या दगडांवर इथली मूळची चपटी कालवं (ऑयस्टर), शास्त्रीय नाव ऑस्ट्रिआ एड्युलिस, वाढवायची असं ठरतंय आणि बजेट मोजकंच आहे.

ओल्सेन नावाच्या माणसाने १८८३ मध्ये काढलेल्या मासेमारीच्या नकाशात दक्षिण नॉर्थ सीत कालवांचा केवढा मोठा पट्टा दाखवलाय, आज तिथे बहुतेक नुसती वाळू. बेसुमार उपसा आणि तळ खरवडणारी जाळी यांनी ती संपवली, नंतर किनाऱ्याजवळ उरलेल्यांना बोनामिया नावाच्या परजीवीने गाठलं. इथल्या विंड फार्ममध्ये तळाची ट्रॉलिंग बंद असते, म्हणजे इतक्या वर्षांनी तो तळ कोणी खरवडत नाहीये, आणि ही संधी वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. लुख्टरडाउनेन आणि जेमिनी या इथल्या विंड फार्ममध्ये २०१८ मध्ये, नंतर बोर्सेलेच्या विंड फार्ममध्ये असे प्रयोग झालेत ते वाचलंय.

प्रश्न असा की मोठी कालवं आणून पिंजऱ्यात ठेवायची, की तेच पैसे पिल्लांना चिकटायला रिकामे शिंपले आणि जास्त दगड टाकण्यात घालायचे? टीममध्ये एकजण म्हणतो जागा तयार करा, पिल्लं आपोआप येतील. मला ते पटत नाही पण खोडून काढता येत नाहीये. यात काम केलेलं कोणी आहे का इथे?

प्रतिसाद
मी समुद्री जीवशास्त्रातली आहे, तुमची शंका बरोबर आहे. आपोआप यायला जवळपास जिवंत कालवं तरी हवीत ना! २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरच्या ब्राउअर्सडाम धरणाजवळ चपट्या कालवांचं रीफ, म्हणजे एकमेकांना चिकटून वाढलेल्या कालवांचा थर, सापडलं, तशा ठिकाणी नुसते शिंपले टाकले तरी उपयोग होतो. पण भर समुद्रात आईबाप कालवं न्यावीच लागतात, आणि तीही दाटीने ठेवा, कारण नराचं बीज पाण्यातून मादीपर्यंत पोचायला हवं, लांब लांब विखुरली तर काही होणार नाही. मादी अळ्या आठ-दहा दिवस शिंपल्यातच सांभाळते, मग त्या साधारण तेवढेच दिवस प्रवाहाबरोबर तरंगतात, म्हणून तुमची पिल्लं तुमच्याच दगडांवर बसतील असं धरून चालू नका, प्रवाहाचं मॉडेल आधी करून घ्या आणि पिल्लांची मोजणी शेजारच्या विंड फार्ममध्येही करा.

शिंपले टाकायचेच तर उन्हाळ्यात अळ्या सुटायच्या सुमाराला टाका, आधी टाकलेत तर बाकीचे जीव जागा बळकावतात. आणि एक कळकळीचं सांगणं, स्वस्त मिळतात म्हणून बोनामिया असलेल्या भागातली कालवं अजिबात उचलू नका. माणसाला त्याने काही होत नाही पण कालवांना औषध नाही. हॅचरीतली, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातली, तपासलेलीच घ्या, महाग पडली तरी कमी घ्या.

धागाकर्ता
खूप आभार ताई, प्रवाहाचं मॉडेल आमच्याकडे दगडांच्या डिझाइनसाठी आहेच, ते वापरता येईल का बघतो. अजून एक, आयुष्य संपल्यावर टॉवर काढायची अट असते, तेव्हा दगडही उचलले तर रीफ जाईल. ते तिथेच राहू द्यावेत असं परवानगीच्या वेळीच लिहून घेतलंय असं कोणाच्या प्रोजेक्टमध्ये झालंय का?