शवासनात छाती धडधडते, योग थांबवू का?

कवडसा:
गेले चार महिने रोज सकाळी अर्धा तास आसनं करते आहे. सुरुवात केली ती झोपेसाठी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही, उद्याच्या कामाचं चक्र डोक्यात फिरत राहायचं. आता झोप लागते. चिडचिड कमी झालीय, हे तर घरच्यांच्याच आधी लक्षात आलं. पण शेवटी शवासनात डोळे मिटले की मिनिटभरात छाती धडधडायला लागते, कानात ठोके ऐकू येतात आणि काहीतरी वाईट होणार असं वाटून मी उठून बसते. शिकवणाऱ्या ताई म्हणतात, "विचार सोडून द्या." प्रयत्न करते, सुटत नाहीत. माझं काही चुकतंय का?

सतरंजी:
तुमचं काही चुकत नाहीये. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. दिवसभर हातपाय कामाला जुंपलेले असतात, त्यामुळे भीतीकडे लक्ष जात नाही. अंग निवांत टाकलं की ती वर येते. "विचार सोडा" हे सांगणं मला कधीच उपयोगी पडलं नाही. शरीराला काय करायचं ते सांगितलं, तेव्हा फरक पडला.

मी डोळे मिटणंच बंद केलं. छताकडे बघत पडायचे. तेही जड गेलं तर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. दोनच मिनिटं.

मग श्वास. तीन आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. सहा जमत नसतील तर चार, पण ओढाताण नको. मनगटावर नाडी धरून बघा: श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. हृदयाला सावकाश चालवणारी व्हेगस नावाची नस आहे, तिचा जोर श्वास सोडताना वाढतो. मला हे बोटांखाली पहिल्यांदा जाणवलं तेव्हा केवढा धीर आला! धडधड माझ्या हाताबाहेरची नव्हती. त्याच दिवशी आणखी एक कळलं. जीभ टाळूला घट्ट चिकटलेली होती आणि दाढा आवळलेल्या. अंग सैल सोडलंय असं मी समजत होते, पण जबडा तसाच होता. तेव्हापासून शवासनाची सुरुवात मी जिभेपासून करते.

पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातलं ३१ वं सूत्र बघा. मन विखुरलं की सोबत काय येतं, ते तिथे सांगितलंय: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. आपलीच तक्रार कुणीतरी लिहून ठेवली आहे असं वाटलं मला. आणि ३४ व्या सूत्रातल्या उपायात श्वास बाहेर सोडणं आधी येतं.

भस्त्रिका, कपालभाती तूर्त बाजूला ठेवा. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या येतात, गरगरतं. घाबरणाऱ्या माणसाला तो झटकाच वाटतो. मला वाटला होता.

अबोली:
सतरंजीताईंशी सहमत. एक भर घालते. धडधड इतर वेळीही होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड वाढलं किंवा हिमोग्लोबिन कमी असलं तरी असं होतं, ते श्वासाने जाणार नाही.

मी नैराश्याच्या गोळ्या घेते आणि योगही करते. मध्यंतरी बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या मनानेच बंद केल्या. आठवडाभर चक्कर, रडू, झोप नाही. ते दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. आता डोस कमी करायचा तर डॉक्टर ठरवतात. योगाने मला काय दिलं म्हणाल, तर सकाळी अंथरुणातून उठायला एक कारण दिलं. वाईट दिवशी नुसते खांदे फिरवते आणि दहा श्वास मोजते. तेवढंही पुरतं.

कवडसा:
दोघींचे मनापासून आभार. आज डोळे उघडे ठेवून नाडी धरली. ठोके लांबताना खरंच कळले! धडधड आली, पण उठून बसले नाही. जिने चढतानाही हल्ली दम लागतो, म्हणून शनिवारी रक्त तपासायला जाते आहे. कुशीवर झोपायचं तर डाव्या की उजव्या?

सतरंजी:
जिकडे श्वास मोकळा वाटेल तिकडे. मी उजव्या कुशीवर झोपते, डावीकडे मला ठोके जास्त ऐकू येतात.