पुरावाच नसेल तर मारहाणीची केस सुटते का?

तासगावकर: बांधाच्या वादातून थोरल्या भावावर गुन्हा दाखल झालाय. खोऱ्याच्या दांड्यानं मारलं म्हणे, भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(१), घातक हत्यारानं दुखापत. तो त्या वेळी सांगली मार्केट यार्डात बेदाण्याच्या सौद्याला होता, अडत्याची पट्टी (विक्रीची पावती) आहे. दांडा जप्त नाही, साक्षीदार सगळे फिर्यादीच्या घरचे. आईनं जेवण सोडलंय हो. केस निघेल का?

सांगलीतला वकील: दोषारोपपत्र गेलं नसेल तर पट्टीची प्रत तपासी अंमलदाराला आजच लेखी द्या, पोच घ्या. यार्डातलं सीसीटीव्ही फुटेज जपायला सांगा, ते पुसलं जातं. पुरावा नसेल तर पोलिस समरी अहवाल, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, कोर्टाला पाठवतात. मान्य करायचा की नाही ते न्यायदंडाधिकारी ठरवतात. दोषारोपपत्र गेलं असेल तर प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम २६२ खाली डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच आरोपमुक्तीचा अर्ज. पण तिथं कोर्ट मुख्यतः पोलिसांचेच कागद बघतं. आणि घरचे साक्षीदार म्हणून साक्ष आपोआप बाद होत नाही, त्या भरवशावर राहू नका.

मिरजेची ताई: भावकीत बसून मिटवता येत नाही का?

सांगलीतला वकील: ताई, ११८(१) तडजोडपात्र नाही. मिटलं तरी रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. आता कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायला नको.

तासगावकर: दोषारोपपत्र अजून नाही. उद्या सकाळीच अडत्याकडं जातो.