घरच्या कामाला ब्रँड ‘कुठलाही चालतो’?

बाभूळखोड: “घरी वर्षातून चार भोके पाडायची असतात, त्यासाठी ब्रँड कशाला बघायचा? ऑनलाइन सर्वांत स्वस्त मिळेल तो ड्रिल घ्या,” असा सल्ला काल येथे एकाने दिला आणि अनेकांनी त्याला दुजोरा दिला. हा सल्ला नवशिक्याचे नुकसान करणारा आहे. ड्रिल बंद पडतो तो बहुधा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश, झिजल्यामुळे; कार्बनची जोडी अगदी किरकोळ किमतीची असते, पण ज्या ड्रिलचा कार्बन मुंबईत हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, हिंडूनही मिळत नाही, तो त्याच दिवशी भंगारात जमा होतो. माझ्या शेजाऱ्यांच्या अशाच एका स्वस्त ड्रिलचे तेच झाले. बॉशच्या निळ्या, म्हणजे व्यावसायिक, मालिकेतील साध्या ड्रिलचा कार्बन, स्विच आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आमच्या तालुक्याच्या गावातही मिळते, म्हणून माझा कौल तिलाच.

शिसवी: दुरुस्तीचा मुद्दा योग्य असला तरी तुमचा विचार वायरच्या ड्रिलपाशीच थांबला आहे. आज आपण यंत्र निवडत नाही, बॅटरी निवडतो. मकिता या जपानी कंपनीची १८ व्होल्टची एलएक्सटी मालिका २००५ साली आली आणि ती आजही चालू आहे. एकदा दोन बॅटऱ्या घेतल्या की पुढे त्यांवरच चालणारे जिगसॉ (वळणदार कापणारी करवत), सँडर (पॉलिश पेपरने घासणारे यंत्र), ग्राइंडर (डिस्कने लोखंड कापणारे, घासणारे यंत्र) बॅटरीशिवाय नुसते घेता येतात. बॉशच्या हिरव्या (घरगुती) आणि निळ्या यंत्रांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या मात्र एकमेकींच्या जागी बसत नाहीत, हे तुम्ही नवशिक्याला सांगायला हवे होते.

पंचगंगाकाठ: जर्मन आणि जपानी नावांपलीकडे कोणाला काही दिसतच नाही, याची चीड येते. कुलकर्णी पॉवर टूल्स, म्हणजे आताची केपीटी, ही कंपनी १९७६ पासूनची, शिरोळची, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातली. वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये केपीटीचाच ग्राइंडर दिवसभर चालायचा आणि आर्मेचर जळले तर इचलकरंजीत नवी तार गुंडाळून, रिवाइंड करून मिळायचे. आजही त्याच ग्राइंडरला लाकडाचे पाते लावून मी प्लाय कापतो, वेगळी करवत घेण्याची गरज पडलेली नाही.

रंधा: ब्रँडची चर्चा राहू द्या, शेवटचे वाक्य गंभीर आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे फिरतो, त्याला प्लायवर टेकवायला तळपट्टी नसते आणि लाकडाचे पाते अडकले की तो उसळून हातावर किंवा मांडीवर येतो. आमच्या ओळखीच्या सुताराचा अंगठा असाच गेला. कृपया असे प्रकार अभिमानाने लिहू नका.

पंचगंगाकाठ: माझे हात शाबूत आहेत. शेडमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला धडे देण्यापूर्वी आपण स्वतः किती लोखंड कापले आहे, ते सांगावे.

रंधा: लोखंड कापण्याचा येथे संबंधच नाही. लोखंडाची डिस्क घासत जाते, लाकडाच्या पात्याचे दात धरतात. धोका त्या धरण्यात आहे. तुमच्या शेडमध्ये गार्ड, म्हणजे पात्यावरचे संरक्षक कवच, काढूनच काम चालत असेल, तर ती सवय अनुभव ठरत नाही.

शिसवी: रंधा यांच्याशी पूर्ण सहमत. प्लायसाठी वर्तुळाकार करवतच हवी, मग ती कोणत्याही कंपनीची असो.

पंचगंगाकाठ: गार्ड मी काढत नाही, एवढे नोंदवून ठेवा. तळपट्टीचा मुद्दा खरा आहे, तेवढा मान्य. पण त्याने केपीटीचा ग्राइंडर वाईट ठरत नाही.

बाभूळखोड: तसे कोणी म्हटलेलेच नाही. शिसवी, निळ्या-हिरव्या बॅटऱ्यांचे तुमचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ज्याला भिंतीला भोक आणि महिन्याकाठी एखादे शेल्फ एवढेच करायचे आहे, त्याची बॅटरी पडून पडूनच म्हातारी होते. अशा माणसाने वायरचा ड्रिल घ्यावा. आणि घर आरसीसी भिंतींचे असेल, तर साध्या इम्पॅक्ट ड्रिलवर जोर काढण्यापेक्षा एसडीएस बिटचा (खाचांच्या दांड्याच्या बिटचा) लहान रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडणारा ड्रिल, घ्यावा, कारण त्यातला ठोका हवेच्या दाबाने बसतो, तुमच्या खांद्याच्या रेट्याने नाही.