डेट्रॉइटची जागा : टर्म लिमिट हवीच, की प्रायमरी पुरे?

पारावरचा
डेट्रॉइटचे जॉन कॉनयर्स 1965 पासून 2017 पर्यंत अमेरिकन काँग्रेसमध्ये होते. 52 वर्षं! आणि गेले तेही मतदारांनी पाडलं म्हणून नाही, लैंगिक छळाच्या आरोपांनंतर राजीनामा द्यावा लागला म्हणून. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. खरी लढत ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. तिथे विद्यमान खासदाराकडे पैसा, ओळख, कामगार संघटना सगळं तयार असतं. माझं मत साफ आहे, टर्म लिमिट म्हणजे मुदतीची मर्यादा हवीच : काँग्रेसच्या हाउसला (कनिष्ठ सभागृह) सहा टर्म, सिनेटला (वरिष्ठ) दोन, पुढे घरी.

कलमबहाद्दर
करणार कोण पण? राज्यांना हा अधिकारच नाही. आर्कान्सासने मर्यादा घातली होती, सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये 5 विरुद्ध 4 ने उडवली. त्याच वर्षी घटनादुरुस्ती हाउसमध्ये आली, 227 विरुद्ध 204. बहुमत मिळालं, दोन तृतीयांश नाही. पुढे सिनेट आणि 38 राज्यं यांची मंजुरी लागणार होतीच. ज्यांच्या खुर्च्या जाणार त्यांनीच ठराव करायचा, म्हणजे झालंच.

आणि डेट्रॉइट ज्या राज्यात आहे, त्या मिशिगनच्या विधिमंडळात हा प्रयोग झालाय की. 1992 मध्ये कनिष्ठ सभागृहाला 6 वर्षं, वरिष्ठला 8, तीही आयुष्यभरासाठी. परिणाम? अर्थसंकल्प वाचायला शिकेपर्यंत आमदाराची निघायची वेळ. दुसऱ्याच टर्ममध्ये माणूस पुढची जागा शोधायला लागतो. जुनी माहिती कुणाकडे उरते? लॉबीवाल्यांकडे, त्यांना कुठे टर्म असते! शेवटी 2022 मध्ये मतदारांनीच नियम बदलला : एकूण 12 वर्षं, कुठल्याही सभागृहात काढा.

पारावरचा
बदलला, काढून टाकला नाही. एकूण मुदत तर 14 (6 अधिक 8) वरून 12 वर आली. म्हणजे मर्यादा लोकांना हवीच आहे, फक्त 6 वर्षं फार तोकडी होती.

सहीवाली
दोघंही दारावरच्या रखवालदाराला विसरताय. या जागेसाठी प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यायला मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या 1,000 वैध सह्या लागतात. 2024 मध्ये तेव्हाचे इथले खासदार श्री ठाणेदार (हो, आपले चिकोडी-बेळगावचे) यांना आव्हान देणाऱ्या अ‍ॅडम हॉलियर यांनी 1,553 दिल्या. ठाणेदारांनी हरकत घेतली, तपासणीत 863 उरल्या, नाव बाद. चूक कुठे होते? सह्या गोळा करणारे पैसे देऊन लावलेले असतात. पत्ता मतदारसंघाबाहेरचा, माणसाची नोंदणीच नाही, दोनदा सही, ओळीने एकाच हातची अक्षरं. त्यामुळे शहाणा उमेदवार दुप्पट सह्या आणतो आणि रोजच्या रोज मतदार यादीशी ताडून पाहतो. ही चाळणी फक्त नव्यांनाच लागते असंही नाही : 2014 मध्ये खुद्द कॉनयर्सच बाद झाले होते, सह्या घेणारेच नोंदणीकृत मतदार नव्हते म्हणून. फेडरल कोर्टाने त्यांना परत आणलं.

कलमबहाद्दर
तेच म्हणतोय. दार रुंद करा, मुदत घालू नका. न्यूयॉर्कमध्ये 2018 ला दहा टर्मचे खासदार जो क्राउली प्रायमरीत पडले ते जेमतेम 13 हजार विरुद्ध 17 हजार मतांत. प्रायमरीला मतदान इतकं थोडं असतं की घरोघरी फिरणारी चांगली फळी पुरते.

सहीवाली
एकास एक लढत होती म्हणून. गर्दी झाली की गणित फिरतं. कॉनयर्स यांनी राजीनामा दिल्यावर ऑगस्ट 2018 मध्ये एकाच दिवशी, एकाच मतदारसंघात दोन प्रायमरी झाल्या. कॉनयर्स यांच्या टर्मच्या उरलेल्या काही आठवड्यांसाठी ब्रेंडा जोन्स जिंकल्या, पूर्ण टर्मसाठी रशिदा तलैब, तीही साधारण 31 टक्क्यांवर. मतदार तेच, फक्त उमेदवारांची यादी वेगळी. 2022 मध्ये सीमा बदलल्या, ठाणेदार आले तेही 28 टक्क्यांवर. विरोधकांनी आधी आपसात बसून एक नाव ठरवलं नाही, तर विद्यमान माणूस निवांत झोपतो. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत, अशी दुसरी फेरी मिशिगनमध्ये नाही, तीच मागा.

पारावरचा
दुसऱ्या फेरीचं काय घेऊन बसलात? टेक्सासमध्ये ती आहे. 2005 पासून बसलेले खासदार हेन्री क्युएलर 2022 च्या पहिल्या फेरीत 50 टक्क्यांच्या आतच अडकले, आणि दुसऱ्या फेरीत 289 मतांनी तरले.