स्टोनवेअरच्या ताटल्या-वाट्या करून घेताना माती आणि ग्लेझचा रंग कसा ठरवावा?

गिरगावकरीण:
नमस्कार. रोजच्या जेवणासाठी हाताने घडवलेल्या स्टोनवेअरच्या (म्हणजे कडक भाजलेल्या घट्ट मातीच्या) सहा ताटल्या आणि तेवढ्याच वाट्या करून घ्यायच्या आहेत. मुंबईतल्या एका प्रदर्शनातून पूर्वी घेतलेल्या दोन वाट्यांवर एकच निळा ग्लेझ आहे, असे विक्रेत्याने सांगितले होते. तरीही पांढरट मातीच्या वाटीवर तो स्वच्छ निळा दिसतो, तर तपकिरी मातीच्या वाटीवर राखाडीकडे झुकतो आणि कडेला जवळजवळ तपकिरीच होतो. शिवाय एका पांढऱ्या ताटलीवर काही महिन्यांनी केसासारख्या रेषांचे जाळे उमटले आणि आमटीतली हळद त्यात जाऊन बसली. आमच्याकडे सोलकढी, चिंचेची आमटी, लिंबाचे लोणचे हे नेहमीचे आहे. तेव्हा नवीन भांडी सांगताना कारागिराशी नेमके काय बोलावे, आणि हिरवा रंग जेवणाच्या भांड्याला चालतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ठाण्याची भट्टी:
विक्रेत्याने चुकीचे सांगितले असेल असे मला वाटत नाही. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. तिच्यातला सिलिका काच घडवतो, अॅल्युमिना तिला ओघळू देत नाही, आणि फेल्स्पार, खडू यांसारखी द्रव्ये तिचा वितळण्याचा अंश खाली आणतात. स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजले जाते. त्या तापमानाला ग्लेझ खालच्या मातीचा थोडा भाग स्वतःत विरघळवून घेतो, त्यामुळे तपकिरी मातीतले लोह तुमच्या निळ्यात उतरले आणि तो मळकट झाला. कडेवर ग्लेझचा थर पातळ राहतो, म्हणून तिथे माती अधिक डोकावते. पुष्कळ कारागीर हा परिणाम मुद्दाम साधतात आणि मलाही तो आवडतो. पण स्वच्छ निळा हवा असेल तर पांढरट मातीच मागावी. निळ्यासाठी कोबाल्ट वापरतात. तो अर्धा-एक टक्का असला तरी गडद रंग देतो आणि भट्टीच्या लहरी फारशा मानत नाही.

लोहाचे तसे नाही. एक-दोन टक्के लोह असलेला पारदर्शक ग्लेझ विजेच्या भट्टीत, म्हणजे भरपूर ऑक्सिजनमध्ये, मधासारखा पिवळसर होतो. गॅसच्या भट्टीत हवा कोंडून ज्वाळेला ऑक्सिजन कमी पडू दिला, तर तोच निळसर हिरवा उतरतो. लोहाचे प्रमाण आठ-दहा टक्क्यांवर गेले की काळा-तपकिरी रंग येतो. तांबे विजेच्या भट्टीत हिरवे आणि ऑक्सिजन कोंडल्यावर लाल होते. त्यामुळे इंटरनेटवरचे चित्र दाखवून ‘असाच रंग द्या’ म्हणण्याआधी कारागिराकडे कोणती भट्टी आहे ते विचारावे. शहरातल्या लहान स्टुडिओंत बहुधा विजेची असते. शेजारच्या भांड्याचाही परिणाम होतो, हे सांगितले तर अनेकांना खरे वाटत नाही: क्रोमचा हिरवा ग्लेझ असलेले भांडे कथिलाच्या पांढऱ्या ग्लेझजवळ ठेवले, तर क्रोमची वाफ लागून पांढऱ्यावर गुलाबी झाक चढते.

आता रेषांविषयी. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसला, तर तो ताणला जाऊन तडकतो. भट्टीतून काढताना चांगले दिसणारे भांडे महिन्यांनी तडकण्याचे एक कारण असे की पुरेशी न भाजलेली माती ओल शोषून किंचित फुगते, आणि वरच्या काचेला ते सोसत नाही. मुंबईची हवा आणि रोजचे धुणे पाहता ओलीची कमतरता नाही. नीट भाजलेले स्टोनवेअर फार थोडे पाणी शोषते. ताटली पूर्ण वाळवून अचूक काट्यावर तोलावी, रात्रभर पाण्यात बुडवावी, पुसून पुन्हा तोलावी. वजन तीन टक्क्यांहून जास्त वाढले, तर ती कमी भाजलेली आहे असे समजावे. तडकलेला ग्लेझ घरी दुरुस्त होत नाही. कारागिराला मात्र ग्लेझमधला सिलिका वाढवून किंवा माती बदलून तो दोष टाळता येतो.

पार्ल्याचा रसायनवाला:
हिरव्याविषयी थोडे सांगतो. तांब्याचा हिरवा ग्लेझ सरसकट वाईट नसतो, पण तांब्याचे प्रमाण जास्त असेल किंवा ग्लेझ नीट वितळला नसेल, तर आंबट पदार्थात तांबे उतरते. तुमची सोलकढी आणि चिंच पाहता मी तो बाहेरच्या बाजूला देईन आणि आत पारदर्शक किंवा पांढरा, पूर्ण वितळलेला चकचकीत ग्लेझ मागेन. मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, ग्लेझचे दोन प्रकार असतात: काहींत सावकाश थंड होताना सूक्ष्म स्फटिक वाढतात, तर काही केवळ अर्धवट वितळलेले असतात, आणि नुसते पाहून त्यांतला फरक कळत नाही. घरी लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहावी. खालचा रंग उडाला तर ते भांडे जेवणाला वापरू नये; उडाला नाही, तरी तेवढ्याने सुरक्षितता सिद्ध होत नाही. शिसे आणि कॅडमियम यांच्या प्रयोगशाळेतील चाचणीत चार टक्के अॅसिटिक आम्ल भांड्यात २४ तास ठेवून त्यात काय उतरले ते मोजतात. भांडी विकणाऱ्याकडे असा अहवाल मागण्यात संकोच नसावा.

माहीमकर:
एवढा खर्च करण्यापेक्षा धारावीच्या कुंभारवाड्यात का करून घेत नाही? तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले आहेत.

ठाण्याची भट्टी:
त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल दुमत नाही. पण तिथल्या माठ-पणत्यांची लाल माती बऱ्याच कमी तापमानाला भाजतात. माठातले पाणी थंड होते ते ती माती सच्छिद्र राहते म्हणूनच, आणि आमटीच्या ताटलीत आपल्याला नेमके तेच नको आहे. ती माती स्टोनवेअरच्या भट्टीत घातली तर खचते, फुगते किंवा वितळते. घरातली लोणच्याची जुनी तपकिरी-पांढरी बरणी पाहा. ती बहुधा स्टोनवेअरचीच असते, आणि मीठ, तेल व आंबटपणा वर्षानुवर्षे सोसते.

गिरगावकरीण:
सर्वांचे आभार. मग पांढरट माती, आत पारदर्शक ग्लेझ आणि बाहेर कोबाल्टचा निळा असे सांगते. नमुना म्हणून काय मागावे? आणि हळदीच्या त्या ताटलीचे काय करू?

ठाण्याची भट्टी:
ज्या मातीत ताटल्या होणार, त्याच मातीचा उभा तुकडा मागा, त्याच ग्लेझचा आणि त्याच भट्टीत भाजलेला. आडव्या तुकड्यावर ग्लेझ किती ओघळतो ते कळत नाही. शक्य असेल तर आधी एकच वाटी करून घ्या आणि ती महिनाभर वापरा. सगळ्या ताटल्या एकाच भाजणीत बसतील का, हेही विचारा, कारण दोन भाजण्यांत छटा थोडी बदलते. हळदीची ताटली धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. डाग फिका होईल, रेषा राहतील. तिचा उपयोग कोरड्या फराळापुरता करा.