मदत हवी आहे: चवड्याखालची मधुमेही जखम 11 आठवडे झाले तरी भरेना

मलमपट्टी:
रुग्ण वय 58, मधुमेह 14 वर्षे. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी जखम. चार आठवड्यांपूर्वी 19 × 15 मिमी होती, काल 18 × 14. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का ते तपासायचा नायलॉनचा धागा) तळव्यावर कुठेच कळत नाही. जखमेत घातलेली तपासणीची सळई हाडाला लागत नाही, एक्स-रे ठीक, पू नाही, लाली नाही. घोटा-दंड रक्तदाब निर्देशांक (घोट्याचा दाब भागिले दंडाचा) 1.05. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.6. रोज सलाईनने धुऊन ड्रेसिंग, कडेचा घट्टा दर आठवड्याला ब्लेडने काढतो. जखमेवरचा भार कमी करायला गुडघ्याखालपर्यंतचा, काढता येणारा बूट दिलाय. आता चांदीचं ड्रेसिंग लावावं की पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव)? खर्च घरच्यांना जड आहे.

टाच_चवडा:
दोन्ही नको. क्षेत्रफळ 285 वरून 252 चौरस मिमी, म्हणजे जेमतेम 12 टक्के घट. चार आठवड्यांत जखम निम्मी व्हायला हवी. नाही झाली तर 12 आठवड्यांत भरायची शक्यता बरीच कमी होते.

बूट उलटा करून तळ बघा. 11 आठवड्यांत झिजला नसेल तर उत्तर तिथेच आहे: रुग्ण तो घालतच नाही. अमेरिकेत आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी 2003 साली अशा रुग्णांची पावलं मोजली, तेव्हा बूट घालून टाकलेली निघाली फक्त 28 टक्के. आपल्याकडे तर तो उंबऱ्याबाहेरच राहतो. देवघरात, स्वयंपाकघरात कोण घालून जातं? पाय दुखत नाही, त्यामुळे आठवणही होत नाही.

तोच बूट न निघणारा करा. जखमेवर पातळ ड्रेसिंग (गॉजचा गोळा ठेवलात तर तोच दाबतो), बोटांच्या बेचक्यांत थोडा कापूस, वर स्टॉकिनेट (मऊ विणलेली नळी), नडगी आणि घोट्याच्या हाडांवर फेल्ट. बूट बांधला की त्यावरून फायबरग्लास कास्ट टेपचे वेढे. पहिल्यांदा तीन दिवसांतच उघडा: सूज उतरली की पाय आत सैल पडतो आणि घासून नवी जखम होते. पुढे दर आठवड्याला.

लहर_तिहेरी:
एक मिनिट, टेप लावायच्या आधी. 1.05 वर विसंबू नका. मधुमेहात घोट्याच्या धमन्यांत चुना साठतो, कफने त्या नीट दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. डॉप्लरवर (रक्तप्रवाह ऐकवणारं यंत्र) तिहेरी लहर, म्हणजे प्रवाह चांगला असल्याची खूण, मिळते का ते पाहा, जमलं तर पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब घ्या. तो पाऱ्याच्या 30 मिमीच्या खाली असेल तर टेप लावायचं राहू द्या, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने पाठवा.

मलमपट्टी:
लहर तिहेरी आहे, आत्ताच पाहिली. रुग्ण स्कूटर चालवतो, एकटा जिने चढतो. घरी काय सांगू?

टाच_चवडा:
स्कूटर बंद. डाव्या पायातल्या चपलेला बुटाएवढा उंच तळ लावून घ्या, नाहीतर कंबर धरते आणि जिन्यात तोल जातो. अंघोळीला पाय पिशवीत. वास आला, ताप आला, ओल बाहेर दिसली किंवा साखर कारण नसताना चढली, तर त्याच दिवशी टेप कापायची. रुग्ण ‘दुखत नाही’ म्हणाला तरी. कापायचं कुठे, हे घरच्या एकाला दाखवून ठेवा.

लहर_तिहेरी:
जखम भरली की एमसीआरची (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल, 15 शोअर कडकपणाची, मागे पट्टा असलेली. अंगठा घालायची नको. आणि दोन्ही तळव्यांचं तापमान रोज एकाच जागी मोजायला लावा. दोन दिवस लागोपाठ 2.2 अंश सेल्सिअसहून जास्त फरक दिसला तर चालणं कमी करून दाखवायला यायचं. भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात परत उघडतात.